ठिपका कशाचा होता

लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, आणि जाऊन मला किती आलं हे माझं मला माहीत आहे. आठवणी लिहाव्यात त्या काहीतरी मोठं केलेल्या माणसांनी. मी शोध लावलेला नाही, बक्षीस मिळवलेलं नाही. ज्या विषयाबद्दल सांगणार आहे त्यावर मी आयुष्यात एकदाच बोललो, फळ्यासमोर उभा राहून, आणि त्यातलाही बराच वेळ घाम पुसण्यात गेला. तरी लिहितो, कारण तो विषय आणि माझ्या बहिणीचं दुखणं माझ्या मनात एकमेकांत असे गुंतले आहेत की एक आठवलं की दुसरं येतंच. आजवर दोन्ही मिळून कोणाला नीट सांगितलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव तिसगावपासून जवळ. रान बहुतेक कोरडवाहू, बाजरी आणि तूर. पण ओढ्याच्या काठाला आमची एक पट्टी होती. विहिरीवर भिजायची, आणि विहीर खाली गेली की ओढ्यातल्या डबक्यावर. तिथं तात्या, म्हणजे माझे वडील, भाजी करायचे. मेथी, कोथिंबीर, मुळा, थोडी कांदापात. बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन उतरलं की सगळं घर वाफ्यात बसायचं. भाजी उपटायची, वाखाच्या दोरीनं जुड्या बांधायच्या आणि ओढ्याच्या पाण्यात खळखळून घ्यायच्या. मुळ्याची माती निघून तो पांढरा दिसला पाहिजे, कोथिंबीर सकाळपर्यंत टवटवीत राहिली पाहिजे. मग वर ओलं गोणपाट. धुण्याचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. दहावीनंतर ती घरीच होती. धुता धुता एखादा मुळा दातांनी सोलून ती तिथंच खायची. विकायचा माल खाते म्हणून आई कुरकुरायची, आणि तात्या म्हणायचे, खाऊ दे, तिच्याच हातचा हाय.

ओढ्याच्या वरच्या अंगाला अर्धं गाव सकाळी परसाकडं जायचं आणि डुकरं तिथंच फिरायची. हे आम्हाला रोज दिसत होतं. पाणी वाहतं आहे म्हणजे चांगलं आहे, असं सगळेच धरून चालले होते.

मी नगरला कॉलेजात होतो, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. त्याच वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. स्थळ देवळाली प्रवराकडचं, कालव्याचं पाणी, ऊस. आमच्याकडच्या मुली सहसा तिकडं जात नाहीत. साखरपुडा झाला तेव्हा तात्या आठवडाभर गावात कोणाशीही बोलताना कालव्याचा विषय काढत होते. आई हसायची. म्हणायची, पोरगी द्यायलेत का पाणी आणायलेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो आणि बाजाराला बरोबर गेलो होतो. बहीण आमच्या गोणपाटामागे बसून गिऱ्हाईक करत होती. एक बाई मुळ्याची जुडी हातात घेऊन, हा तिखट आहे का फोपशा, असं विचारत होती आणि बहीण तिला उलट उत्तर देणार होती. उत्तर आलं नाही. तिचा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला. हातातली जुडी पडली. तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याचा आहे, आणि मग ती आडवी झाली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तोंडाला फेस, टाच जमिनीवर घासत होती, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणीतरी पायातली चप्पल काढून हुंगायला दिली. मी शास्त्र शिकणारा मुलगा, मला तिचं डोकं मांडीवर घेण्यापलीकडं काही सुचलं नाही.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, मिरगी हाय. आमच्या शेजारी मिरच्या विकणारी म्हातारी होती. ती वर न बघता म्हणाली, "पोरीचं लगीन ठरलंय. तोंड आवरा."

पण बाजारात बोललेलं आवरत नाही.

नगरच्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढायला लावला. आम्ही तिघं गेलो होतो, तात्या, बहीण आणि मी. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावली आणि पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. मेंदूत वाटाण्याएवढा एक गोल ठिपका, भोवती उजळ कडं. ते शांतपणे म्हणाले की ही जन्माची मिरगी नाही, या ठिपक्यामुळे झटका आला आहे. ठिपका गेला तर झटके जातील. पण असा ठिपका आपल्याकडं दोन गोष्टींचा असतो, टीबीची गाठ तरी, नाहीतर एका किड्याची पिशवी. फिल्मवर दोन्ही सारख्याच दिसतात. रक्ताच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात डुकराचं मटण खाता का?

तात्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, आमच्यात अंडंसुदिक न्हाई. टीबी असंल तर टीबी लिवा. ते दुसरं नाव माझ्या पोरीच्या कागदावर नगं."

डॉक्टरांनाही ते पटलं असावं. माणूस डुक्कर खात नाही, तर किड्याची शक्यता कमी, असा हिशेब त्यांनी केला. मीही मनात तोच केला. पोटातला चपटा किडा आम्हाला पहिल्या वर्षाला अभ्यासात होता. डुकराच्या मांसातून येतो, असं मी पेपरात लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, झटक्यांच्या गोळ्या वेगळ्या. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, असं ठरलं.

येताना एसटीत बहीण खिडकीशी बसली होती. करंजी घाट उतरताना तिनं विचारलं, "दादा, माझ्या डोक्यात नक्की काय हाय?"

मी म्हणालो, टीबीची गाठ.

"नक्की?"

मी म्हणालो की नक्की डॉक्टरांनाही माहीत नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, मिरगी न्हाई ना, मग झालं. पण घर येईपर्यंत ती उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती, पुन्हा आपल्या मनानं हलेल की काय म्हणून.

पाहुणे आले. मुलाचे वडील माणूस म्हणून सरळ होते, त्यांच्याबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. त्यांनी तात्यांना सांगितलं की टीबी बरा होतो, त्यांच्या चुलत भावाचा झाला. पण मिरगी असेल तर आत्ताच सांगा, लग्नानंतर कळायला नको. तात्यांनी माळेवर हात ठेवून सांगितलं, मिरगी नाही. मग ठरलं की दुसरा स्कॅन होऊ द्यायचा. ठिपका गेलेला दिसला की तारीख काढायची. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळं त्या ठिपक्यावर येऊन थांबलं. आई गडावरच्या देवीला नारळ बोलून आली. बहीण गोळ्या गिळायची. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते, त्याला ती आधी घाबरली होती. नंतर म्हणायची, निदान औषध अंगाला लागतंय हे तरी दिसतंय.

मी कॉलेजला परत आलो. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एका नव्या विषयावर सेमिनार द्यायचा असे. आमच्या मॅडम स्वतःच्या पीएचडीसाठी पुण्याला जाऊन तिथल्या लायब्ररीतून लेखांच्या झेरॉक्स आणत. त्यांनी टेबलावर गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, निवडा. चांगले विषय पुढच्या बाकांवरच्यांनी उचलले. माझ्या हाती आला त्याच्या मथळ्यातला मुख्य शब्दच मला वाचता येईना. अ‍ॅप्टामर. पानं फिकट छापलेली, इंग्रजी अवघड. मी डिक्शनरी घेऊन बसलो. डिक्शनरीत तो शब्दच नव्हता.

मॅडमकडं गेलो. त्यांनी हसून बसवलं आणि सांगितलं. ज्या डीएनए-आरएनएबद्दल आपण शिकतो, त्याचेच छोटे छोटे धागे प्रयोगशाळेत बनवता येतात. असा एकेरी धागा सरळ राहत नाही, तो स्वतःभोवती दुमडतो आणि त्याला एक आकार येतो. कोट्यवधी वेगवेगळे धागे एकत्र केले, तर त्यातल्या एखाद्याचा आकार आपल्याला हव्या त्या वस्तूवर बरोबर बसेल. ती वस्तू म्हणजे एखाद्या जंतूचं वरचं कवच म्हणा. मग सगळे धागे त्या जंतूवर सोडायचे, जे चिकटत नाहीत ते धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून त्यांच्या भरपूर प्रती काढायच्या आणि पुन्हा सोडायच्या. पुन्हा धुवायचं. असं करत करत शेवटी असे धागे हाती राहतात जे त्या एकाच गोष्टीला ओळखतात आणि घट्ट धरतात.

मला ते एकदम कळलं, आणि कळलं याचंच नवल वाटलं. आमच्याकडं बाजरीचं बी असंच राखतात. काढणीच्या वेळी आई वावरात फिरून दाण्यानं गच्च भरलेली, पक्ष्यांनी न खाल्लेली कणसं वेगळी काढते. पुढच्या वर्षी तेवढंच पेरायचं, त्यातून पुन्हा निवडायचं. काही वर्षांनी सगळं वावर त्या जातीचं होतं. मी हे घाबरत घाबरत मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अरे, मग सेमिनारला हेच सांग की. फक्त हे लक्षात ठेव की यात आई नाही, कोणाला ठेवायचं ते तो जंतूच ठरवतो. त्याला जे चिकटतं ते राहतं.

त्या लेखात झोपेच्या आजाराच्या परजीवीबद्दल होतं. तो आफ्रिकेतला, माशी चावून रक्तात जाणारा. त्याला ओळखणारे धागे मिळाले होते. एवढंच नाही, परजीवी तो धागा आपल्या पोटात ओढून घेतो असं दिसलं होतं. म्हणजे उद्या धाग्याच्या टोकाला औषध बांधलं तर ते दुसरीकडं कुठं न जाता बरोबर त्या जंतूच्याच आत जाईल, अशी आशा लिहिणाऱ्यांनी व्यक्त केली होती. ओळखणं आणि मारणं, दोन्ही एकाच धाग्यानं. ते पान वाचताना मला आफ्रिका दिसत नव्हती. मला नगरच्या दवाखान्यातली उजेडाला लावलेली फिल्म दिसत होती. एक थेंब रक्त, त्यात असा धागा, आणि उत्तर. टीबी की किडा.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं की डोक्यातल्या किड्यासाठी असा धागा कोणी शोधला आहे का, आणि शोधला असेल तर तो आपल्याला कुठं मिळेल. पुण्याला, मुंबईला, कुठंही. मी हे का विचारतो आहे ते मी सांगितलं नाही, पण त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्या म्हणाल्या, "नाही रे. हे अजून प्रयोगशाळेच्या दाराबाहेरसुद्धा आलेलं नाही."

मी उठलो तेव्हा त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, पण समज, तुलाच तो शोधायचा आहे. कशावर शोधशील? किड्याच्या कुठल्या अवस्थेवर? माणसाच्या अंगात तो कोणत्या रूपात शिरतो, हे नीट वाच आणि मला येऊन सांग. सेमिनारला हा प्रश्न मी विचारणार.

म्हणून मी ते जाड पुस्तक काढलं. परीक्षेसाठी आम्ही त्यातलं अर्धंच पान वाचायचो. लायब्ररीत, पंख्याखाली बसून मी दुसरं अर्धं वाचलं आणि पुन्हा वाचलं. डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या पोटात लांब किडा होतो, हे खरं. पण डोक्यात पिशवी होते ती मांसातून नव्हे. ती त्या किड्याच्या अंड्यांतून होते. ज्याच्या पोटात लांब किडा आहे अशा माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. ती अंडी ज्याच्या तोंडात जातील त्याच्या डोक्यात पिशवी होऊ शकते. त्यानं जन्मात मांस खाल्लेलं नसलं तरी. कच्ची भाजी, असं तिथं लिहिलं होतं. पुस्तक परदेशी होतं. मुळा लिहिलेलं नव्हतं. पण मला मुळाच दिसला, ओढ्याच्या पाण्यात खळखळून पांढरा केलेला.

मॅडमना मी सगळं सांगितलं, या वेळी बहिणीसकट. त्या म्हणाल्या, धाग्याची वाट बघू नकोस, हे डॉक्टरांना सांग आणि आधी वडिलांना सांग. डॉक्टरांना सांगणं सोपं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या स्कॅनची वेळ आली. ठिपका तसाच होता. वाटाण्याएवढा, भोवती कडं. त्या आधीच्या आठवड्यात तिला घरी पुन्हा झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, टीबीच्या गोळ्यांनी एव्हाना फरक दिसायला हवा होता. मी चाचरत भाजीचं आणि ओढ्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, हे आपण तेव्हाच विचारायला हवं होतं असं मोकळेपणानं म्हणाले, आणि किड्याच्या औषधाचा विचार करू म्हणाले. पण त्यासाठी दवाखान्यात ठेवावं लागतं. किडा मरताना मेंदूला सूज येते, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं. घरच्यांची संमती हवी. तात्यांनी फिल्मचं पाकीट काखेत धरलं आणि म्हणाले, इचार करून सांगतो.

विचार व्हायच्या आत मध्यस्थ आले. ओट्यावर बसले, आईनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. आमच्याकडं मध्यस्थानं चहा नाकारला की पुढचं बोलायची गरज उरत नाही. तरी ते बोलले. पाहुण्यांनी खूप थांबून बघितलं, पण डाग तसाच आहे असं कळलं, त्यांच्याही मुलाचं वय वाढत चाललंय, वगैरे. आई आत गेली. साखरपुड्याची साडी तिनं घडीसुद्धा न मोडता तशीच पिशवीत घालून आणून दिली. बहीण चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भाकरी नेहमीसारखी फुगली. त्या भाकरीचं मला का लक्षात राहिलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बाजाराची भाजी काढायची होती. कोणाचं लग्न मोडलं म्हणून मेथी थांबत नाही. आम्ही सगळे वाफ्यात बसलो होतो. तात्या मुळा उपटून देत होते, बहीण ओढ्याकडं नेत होती. मी कॉलेजातून आल्यापासून शब्द जुळवत होतो, ते एकही कामाला आले नाहीत. मी तात्यांना म्हणालो की किडा मांस खाऊन होत नाही. डोक्यातला तर नाहीच. तो अंड्यांतून होतो, आणि अंडी या पाण्यातून मुळ्याला लागतात. वरच्या अंगाला बसणाऱ्या कोणाच्या तरी पोटातली. आपण काही खाल्लं नाही, आपल्याला कोणी बाटवलं नाही. फक्त पाणी वाईट आहे.

तात्या बराच वेळ वाफ्यातली माती हातानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आमी गावाला किडं इकतोय, असं म्हन की."

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. डुक्कर खाल्ल्याचा आळ गेला, एवढंच मी धरून बसलो होतो. त्या वाक्यातलं दुसरं ओझं मला दिसलंच नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं हा माणूस तिसगावच्या बाजारात, आपली भाजी सगळ्यात स्वच्छ, असं म्हणत बसला होता. लोक दुसऱ्याचा मुळा सोडून त्यांचा घ्यायचे.

ते पुढं म्हणाले की हे पुस्तकातलं झालं, डॉक्टरलाच पक्कं माहीत नाही, फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं ना. मग आपणहून ते नाव का लावून घ्यायचं? अजून थोडे दिवस टीबीचं चालू ठेवू. पक्कं सांगणारी गोष्ट जगात होती ती फक्त माझ्या पिशवीतल्या फिकट झेरॉक्समध्ये होती.

बहीण ओढ्याकडून रिकामी पाटी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तात्यांच्या समोर खाली बसली.

"तात्या, मुळा मी खाल्लाय. रोज खाल्लाय. जायाचं ते ठिकान तर गेलं, आता कागद कुनाला दावायचाय? काय नाव लिवायचं ते लिवू द्या, पन मला त्या गोळ्या द्या. हात हालला की माझा जीव जातो."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. उठले, विहिरीवर गेले आणि पोहरा सोडला. त्या दिवशी सगळी भाजी विहिरीच्या पाण्यानं धुतली. पाणी पुरेना, म्हणून मुळ्याला माती तशीच राहिली. बाजारात नेहमीची गिऱ्हाइकं म्हणाली, काय तात्या, आज माल मळका? तात्या म्हणाले, घरी चांगला धुवा आन मग खावा. बाजारात बसून असं सांगणारा विक्रेता लोकांनी पहिल्यांदाच बघितला असावा. एकजण हसत म्हणाला, मग मुळ्याबरोबर पानी बी द्या की. तात्या हसले नाहीत. त्या आठवड्यात ते तिला घेऊन नगरला आले.

ती दवाखान्यात होती तेव्हाच माझा सेमिनार आला. इंग्रजीत दोन वाक्यं बोललो आणि अडकलो. मॅडम म्हणाल्या, मराठीत बोल. मग मी बाजरीची कणसं सांगितली. मागून कोणीतरी खुसखुसलं, आणि त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मला बाजरीवाला म्हणायचे. मी फळ्यावर दुमडलेला धागा काढला. किड्याचं अंडं काढलं, पिशवी काढली. मॅडमनी ठरल्याप्रमाणे विचारलं, कोणत्या अवस्थेवर धागा शोधशील? मी सांगितलं, पिशवीतून रक्तात जे झिरपतं त्यावर, म्हणजे डोकं न उघडता, फिल्म न काढता, गावातल्या दवाखान्यातही कळेल. त्यांनी विचारलं, आणि उपचार? मी म्हणालो की उपचाराचं अवघड आहे, मेंदूपर्यंत धागा टिकून पोचायला हवा, रक्तात तो लवकर तुटतो असं लेखात म्हटलंय. पण ओळखणं जरी आधी झालं तरी माणसाचे महिने वाचतील. एवढं बोलून मी मधेच फळा पुसायला वळलो. मुलांना वाटलं मी विसरलो.

बहीण घरी गेली. औषधाच्या दिवसांत तिचं डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, मग ते ओसरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता थांबायचं, काही महिन्यांनी बघू. त्यांनी हेही सांगितलं होतं की असा ठिपका कधी कधी आपोआपही विरघळतो. ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यावर कोणाला काय करता येणार होतं?

परीक्षा झाली. पुढं शिकायचं मनात होतं, पण तेवढे मार्क पडले नाहीत. पुण्याला एका लहान लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला लागलो. काचा रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. कधी मलेरियाचा जंतू दिसला की मला अजूनही तो लेख आठवायचा. इथं डोळ्यांनी शोधतो आहे, कुठंतरी कोणी धाग्यानं शोधत असेल. खोलीशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. घरून काही निरोप असला तर तिथं यायचा. तात्या स्वतः कधी बोलायचे नाहीत, गावातल्या कोणाला तरी लावायला सांगायचे.

एका बाजाराच्या दिवशी दुकानदारानं हाक मारली. पलीकडं तात्या होते. तिसगावच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. मागं बाजाराचा आवाज ऐकू येत होता, लोक वाट बघत उभे असणार. ते ओरडूनच बोलत होते, कारण पुणे लांब आहे असं त्यांच्या मनात होतं.

नगरला जाऊन आलो, म्हणाले. फोटो काढला. डाग न्हाई. कुठंच न्हाई, डॉक्टरनं दोनदा बघितलं.

मी विचारलं, ती कशी आहे? म्हणाले, हितंच हाय, मुळं इकतीय. जोरात इकतीय.

मग मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, कशाचा होता? डॉक्टर 'बहुतेक किडा' असं म्हणाले असणार, मला माहीत आहे, ते त्या 'बहुतेक'शिवाय कधी बोलत नसत. तात्यांनी तो शब्द गाळला. सगळ्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "किडाच हुता. डुकराचा किडा. मेला."